घाटातले अकरा थांबे

प्रिय आत्या,

पत्र लिहिणं माझ्याकडून होत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तू धाडहून एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायचीस. मी बुलढाण्याच्या स्टँडवर उभ्याउभ्या त्याच चिठ्ठीच्या मागे लिहायची, "मिळाली. रविवारी ये," आणि परतीच्या गाडीनं पाठवायची. एकदा तू म्हणालीस, "अवं कुमे, तार करणारा माणूस बी तुह्यापेक्षा जास्त बोलते." मी तेव्हा हसले नव्हते. आता हसू येतंय, पण ते तुला दाखवू कसं?

आज लिहायला बसले ते दोन कागदांमुळे. एक रजेचा छापील अर्ज. त्यात नाव, हुद्दा, किती दिवस, सगळं भरून झालं आहे. फक्त 'रजेचे कारण' हा रकाना रिकामा आहे, आणि तेवढ्यासाठी मोठ्या बाबूंनी तो सकाळीच माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. दुसरा कागद तुझा आहे. तो मला मागच्या आठवड्यात, तुझ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मिळाला. तेव्हापासून माझ्या हातून एक नकाशा धड उतरलेला नाही. दोनदा शाई सांडली. माझ्या हातून, आत्या!

जेवणाची सुट्टी आहे. नकाशांच्या खोलीत मी एकटीच आहे. सुट्टी संपायच्या आत मला तुझ्याशी बोलून घ्यायचं आहे.

तुला तो नदीचा दिवस आठवतो? धाडच्या दवाखान्यात तू नर्स होऊन आलीस त्याला बरीच वर्षं झाली होती. पंचक्रोशीतल्या अर्ध्या पोरांची नाळ तुझ्या हातानं कापलेली. एका संध्याकाळी तुला वाटलं, नुसतं नदीपर्यंत जाऊन यावं. तू सायकल काढलीस, आणि पहिल्याच वळणावर कोणीतरी विचारलं, "नर्सबाई, कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

"असं कसं? कोणाची तरी सून अडली असन न?"

तू पुढं गेलीस. पुढच्या ओट्यावरही तेच, त्याच्या पुढच्या ओट्यावरही तेच. तू नदीला पोचलीस तेव्हा मागून तिघी बाया पळत आल्या, आणि तू परत येईस्तोवर गावात दोन घरी चुलीवर पाणी तापत होतं! ज्या सुनेला सातवा लागला होता तिलासुद्धा सासूनं खाटेवर निजवून टाकलं होतं. तू हे सांगताना हसून हसून पदरानं डोळे पुसत होतीस. मग एकदम थांबून म्हणालीस, "कुमे, इतली वर्षं सायकल चालवली, पण मी कधी कोणाच्या कळा सुरू झाल्याशिवाय पायडलवर पाय ठेवला नाही. मले एकदा कोणाकडेच जायचं नाही हाय. नुसतं जायचं हाय."

"कुठे?" मी विचारलं.

तू लगेच म्हणालीस, "सातपुड्यात." जणू किती वर्षं कोणी विचारतं का याची वाट पाहत होतीस.

तुझी पहिली नेमणूक जळगाव जामोदची. दवाखान्याच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. "दोन वर्षं रोज पाह्यला. एक दिवस जाऊन येऊ म्हटलं का कोणीतरी बाळंत व्हयाचंच." जळगावातून डोंगरात शिरायचं, आंबापाणीला मुक्काम करायचा, मग धूळघाट, धारणी, सेमाडोह, शेवटी चिखलदरा, आणि उतरून परतवाड्याला. नऊ दिवस. ही सगळी नावं तुला ओळीनं पाठ होती.

मी नकाशे काढणारी. खात्याच्या परीक्षेत पहिली आलेली, या ऑफिसातली पहिली बाई. तू माझ्याकडे एक इच्छा घेऊन आलीस, आणि मी तिचा तक्ता केला.

रविवारी दुपारी आमच्या घरी खाली सतरंजीवर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचे. मी रकाने आखले होते. दिवस, अंतर, चढ, पाणी, मुक्काम, दुरुस्तीचं सामान. बाबा आरामखुर्चीतून पाहत असायचे. त्यांना हे खेळच वाटायचं, आणि त्यांची थोडी चिडचिडही व्हायची.

"वेणू, तू आता पन्नाशीले आली. दोघी बाया डोंगरात जाऊन राह्यल्या. कायले?"

"काही नाही भाऊ. असंच."

"असंच म्हणजे? नवस हाय का?"

"नवस असता तं तू पोचवाले आला असता न? नवस नाही म्हणूनच तं तुले पचून नाही राह्यलं."

बाबा वर्तमानपत्राआड गेले. तू माझ्या तक्त्यावर वाकलीस, सगळे रकाने बोट फिरवत वाचलेस आणि म्हणालीस, "इतले रकाने काढले माय, एक 'मजा' चा बी काढ न."

मी म्हटलं, "ते आधी मोजता येत नाही."

आत्या, मी गंमत करत नव्हते. मला खरंच वाटत होतं की जे आधी मोजता येत नाही त्याला तक्त्यात जागा नाही. तू चहा टाकायला उठलीस.

पहिल्या वर्षी आपण गेलो नाही, कारण डोंगराच्या भागाचा नकाशा आमच्या ऑफिसात नव्हता. तो मागवला होता, आला नव्हता. नकाशाशिवाय जाणं मला पटेना. "तठी लोक राह्यतात न वं?" तू म्हणालीस. "ते काय नकाशा पाहून राह्यतात?" जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, ऊन तापलं.

दुसऱ्या वर्षी रस्त्यांवरचे मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे बसवू लागले. आमच्या रस्त्यांच्या नोंदवहीतही सगळी अंतरं नव्यानं लिहिली गेली. मी म्हटलं, तक्ता नव्यानं करायला हवा, अर्धं जुनं अर्धं नवं असं नको. तू म्हणालीस, "रस्ता तं तितलाच राह्यते न?" मी म्हटलं, "चूक एकदा शिरली की सापडत नाही." त्या वाक्याचा मला किती अभिमान होता! मी पुन्हा पहिल्यापासून तक्ता काढला. त्यात तोही हिवाळा गेला.

तू एकदाही रागावली नाहीस. का गं? एकदा जरी ओरडली असतीस, "कुमे, बस झालं तुझं!" तर कदाचित मी डबे उचलले असते, नकाशा गुंडाळला असता आणि निघाले असते. की नसते?

तिसऱ्या वर्षी तक्ता पुरा झाला. संक्रांत झाली की निघायचं ठरलं. त्याआधी मी म्हटलं, एक चाचणी घेऊ. दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी आपण राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत गेलो, आणि चहा पिऊन परत घाट चढायला लागलो. मी खिशात वही ठेवली होती. कुठं किती वेळ थांबलो, का थांबलो, ते लिहीत होते.

ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. अकरा थांबे आहेत. 'चपलेचा अंगठा.' 'पाणी.' 'सीताफळं पाहणे.' आठवतं? रस्त्याच्या कडेला झाडं लगडली होती, आणि तू एकेक फळ दाबून पाहत म्हणत होतीस, "घाई कायची हाय? पिकलेलं पाह्यजे." मी घड्याळ पाहत उभी होते.

आणि चौथा थांबा. 'चेन उतरली. सात मिनिटं.'

मी तिथंच तुझी सायकल स्टँडवर लावली होती, आत्या. अंगठ्यानं चेन दाबून पाहिली होती. अर्धा इंच ढील होती, जेवढी असावी तेवढीच. चेन दातांवर नीट बसलेली होती. तुझ्या हातांना ग्रीस नव्हतं. चेन उतरली असती आणि तू ती बसवली असतीस तर तुझी बोटं काळी झाली असती. मी ते पाहिलं. बोटं स्वच्छ होती. एका हातानं तू हँडल धरलं होतंस, आणि दुसरा हात पदराखाली छातीशी होता.

हे सगळं मी पाहिलं, आणि वहीत लिहिलं, चेन उतरली. तू सांगितलंस तेच लिहिलं! ज्या ऑफिसात मी मजुराच्या टेपवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, स्वतः जाऊन मोजते, तिथली मी! वर तुला म्हणाले काय, तर "चेनला तेल घालत जा. डोंगरात असं चालणार नाही."

"हाव माय," तू म्हणालीस. "घालीन."

घरी आल्यावर मी बेरीज केली. अकरा थांबे, एकूण सव्वा तास. त्यावरून तुझा वेग काढला आणि तुला सांगितलं की या वेगानं सातपुडा होणार नाही, सराव वाढवावा लागेल. तू सीताफळ खात होतीस. बी थुंकून म्हणालीस, "करू न सराव."

तू नर्स होतीस. दुसऱ्याचा श्वास ऐकून सांगायचीस की हिला खामगावला न्या, इथं होणार नाही. मग स्वतःचा श्वास तुला ऐकू येत नव्हता? मला सांगितलं का नाहीस? मी इतकी परकी होते? हा राग आहे, आत्या. तो मी वर्षभर गिळून ठेवला होता. आज इथं ठेवते.

मार्गशीर्षातली ती सकाळ. दहाच्या गाडीचा कंडक्टर ऑफिसात आला. तोच, तुझ्या चिठ्ठ्या आणणारा. तो कधी स्टँड सोडून वर येत नसे. टोपी काढून दारात उभा राहिला.

"ताई, आज चिठ्ठी नाही," तो म्हणाला. "तोंडीच निरोप हाय."

मी कालव्याच्या काठाची रेघ अर्ध्यात आणली होती. शाईची रेघ मध्येच सोडली की सांधा दिसतो. मी ती शेवटपर्यंत ओढली. पेन पुसून पेटीत ठेवला, मग उठले. तो तोवर उभाच होता. त्या नकाशात तो कालवा आजही आहे, कुठं सांधा नाही. मला तो नकाशा काढून पाहवत नाही.

तू रात्रीची बाळंतीण सुखरूप करून पहाटे परत आली होतीस. हात धुतलेस, खाटेवर टेकलीस, आणि शमीम चहा घेऊन आली तेव्हा तू नव्हतीस. शमीम तुझ्या हाताखालची. रहीमचाचांची मुलगी, ज्यांचं धाडच्या बाजारात सायकलीचं दुकान आहे, ती. तिला नर्सिंगला पाठवा म्हणून तू चाचांच्या दुकानात आठ दिवस रोज जाऊन बसायचीस. तेव्हा तुझ्या सायकलीत काही बिघाड नसायचा.

धाडला किती बाया आल्या होत्या! प्रत्येकीच्या कडेवर किंवा बोटाला धरून एकेक पोर. "हे नर्सबाईच्या हातचं," असं एकमेकींना दाखवत रडत होत्या. मी रडले नाही. शमीम माझ्याजवळ आली, काहीतरी बोलायचं होतं तिला. मी म्हटलं, "दवाखान्याचं सामान कोणतं आणि आत्याचं कोणतं, त्याची यादी करून पाठव." ती मागे सरली. तिनं यादी पाठवली. सायकल आणि बाळंतपणाची बॅग सरकारी, ती तिच्याकडेच राहिली. मी तक्ता आणि नकाशा गुंडाळून कपाटावर टाकले आणि वर्षभर तिकडे पाहिलं नाही. कोणी तुझं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठायची.

मग मागच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर शमीम आली. तुझ्याच सायकलवर आली, धाडपासून. मागच्या अंगणात पायरीवर बसली आणि बॅगेतून घडी केलेला कागद काढला.

"आपा, बॅगचं अस्तर उसवलं व्हतं. अब्बा शिवाले बसले तं आतून हे निघालं. तुमचं अक्षर हाय."

माझंच अक्षर होतं. तुला दिलेली तक्त्याची नक्कल. आठ घड्या, कडा मऊ झालेल्या, तुझ्या त्या लाल साबणाचा वास. आणि माझ्या शाईवर तुझी पेन्सिल.

तिसरा दिवस, जळगाव ते आंबापाणी. अंतराच्या रकान्यात मी लिहिलं होतं, अठरा. त्याच्या पुढं तू लिहिलं होतंस, 'मैल! म्हणजे २९.' चौथ्या दिवशी माझे चौदा, तुझे साडेबावीस. खाली समासात तू गुणाकार केले होतेस, पाच मैलांचे आठ किलोमीटर धरून, औषधाची मात्रा काढावी तसे.

मला तिथंच उभ्याउभ्या समजलं. सपाटीची अंतरं मी नव्या नोंदवहीतून किलोमीटरमध्ये घेतली होती. डोंगराची अंतरं मागवलेल्या, उशिरा आलेल्या वनखात्याच्या जुन्या नकाशावरून जशीच्या तशी उतरवली, आणि तो नकाशा मैलांचा होता. दोन्ही एकाच रकान्यात! आणि खाली बेरीजही केली होती, दुहेरी रेघ ओढून! अर्धं जुनं अर्धं नवं नको म्हणून मी एक आख्खा हिवाळा घालवला, आणि नेमकं तेच केलं.

"आत्याला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"पाह्यल्याबरोबरच. बाई जळगावले व्हत्या न. बैलगाडीवाले म्हणत, आंबापाणी अठरा मैल, दिवस जाते. कागद पाहून हसल्या. म्हणे, पोरीनं डोंगर लहान करून टाकला."

"मग मला सांगितलं का नाही?"

शमीम पदराचं टोक पिळत बसली. "आपा, बुरा नका मानू. मी बी म्हटलं व्हतं, बाई, सांगून टाका न तिले. तं बाई म्हणे, 'सांगतलं तं थे पोट्टी पुन्हा पहिल्यापासून काढत बसन. अजून एक वरीस जाईन. माह्याजवळ नाही वं तितलं.'"

आत्या.

तू दसऱ्याच्या आधीच छातीचं दुखणं जिल्ह्याच्या डॉक्टरला दाखवून आली होतीस. शमीमला ठाऊक होतं. तिला तू शपथ घातली होतीस. राजूर घाट चढताना तुला माहीत होतं की तू काय चढते आहेस. आणि मी तुझा वेग काढत होते.

तू माझी चूक माझ्यापासून लपवलीस, मी रागवेन म्हणून नाही, मी दुरुस्त करत बसेन म्हणून! याच्याहून खरं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललेलं नाही.

"तू वर्षभर मला का नाही सांगितलंस?" मी शमीमला विचारलं.

"तुमी बोललाच कुठी, आपा? यादी मागितली, यादी देली. मले वाटलं, तुमाले नको हाय."

मग तिनं बोटानं कागदाचा खालचा भाग दाखवला. आंबापाणीच्या ओळीला तू लिहिलं होतंस, 'इथं मी थांबीन. कुमी आणि शमीम पुढं जातील. लाकडाचा ट्रक शनिवारी खाली येतो, त्यात मी परत. रहीमभाईंना सांगितलं आहे.'

म्हणजे तुला चिखलदऱ्याला जायचंच नव्हतं! नऊ दिवसांतले तीन दिवस तुझे होते. बाकीचे सहा तू माझ्यासाठी ठरवून ठेवले होतेस, सोबत कोण हेसुद्धा. ट्रकचा वार माझ्या तक्त्यात नव्हता. तो मला सुचलाही नसता.

आणि कागदाच्या अगदी उजव्या कडेला, पट्टी न लावता ओढलेली एक वाकडी रेघ. तू तुझा रकाना स्वतःच काढला होतास. वर लिहिलं होतं, 'मजा'.

पहिला दिवस: 'घाट उतरताना. पाय मारायचे नाहीत.'

दुसरा दिवस: 'पूर्णेच्या पुलावर बसून चिवडा.'

तिसरा दिवस: 'आंबापाणी. मले तठी कोणी ओळखत नाही.'

चौथ्या दिवसापासून नवव्यापर्यंत घरं रिकामी. त्या सहाही घरांवरून एक उभी ओळ, तुझ्या त्या उतरत्या अक्षरात: 'हे कुमी लिहील.'

मी वर्षभरानं रडले, आत्या. मागच्या अंगणात, खरकट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ, शमीमसमोर. तू शिकवलेली आहे ती. फक्त पाठीवर हात ठेवून बसली, बाळंतिणीजवळ बसावं तशी.

नंतर आम्ही बोललो. रहीमचाचा तुझ्या सायकलीला नवे टायर चढवून देणार आहेत. मी त्यांना स्वतः जाऊन विचारलं, शमीमला माझ्याबरोबर पाठवाल का? ते फ्रीव्हील पुसत म्हणाले, "बेटा, जुबान तं मी नर्सबाईले मागच्याच साली देली. तूच उशिरा आली." बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "कायले, ते नाही विचारत आता," आणि आत जाऊन तुझी ती पितळी फिरकीची पाण्याची बाटली आणून दिली. घासून ठेवली होती त्यांनी. कधीपासून, कोण जाणे.

तक्ता मी नव्यानं काढलेला नाही. हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू? कागद टाचून पेनही उचलला होता. मग ठेवून दिला. तुझ्या पेन्सिलीसकट तोच चुकीचा तक्ता बरोबर घेते आहे.

आता या अर्जाचं. सकाळी मोठे बाबू म्हणाले, "बाई, कारण लिहिलं नाही."

मी म्हटलं, "हक्काची रजा आहे ना?"

"हक्काची हाय, पण रकाना हाय न. काहीतरी लिहा. आईची तब्येत लिहा, नात्यातलं लग्न लिहा. साहेब वाचत बी नाहीत."

"मी सायकलनं डोंगरात जाणार आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाकडे?"

आत्या, तुझा तो प्रश्न! इतकी वर्षं तुला धाडच्या प्रत्येक ओट्यावरून विचारलेला. ते अर्ज टेबलावर ठेवून गेले.

सुट्टी संपत आली. जिन्यावर चपला वाजताहेत.

मी तुला वचन देते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघू. राजूर घाट उतरताना पाय मारणार नाही. पूर्णेच्या पुलावर तिघींचा चिवडा नेऊ. आंबापाणीला एक दिवस जास्त थांबू, शनिवारी लाकडाचा ट्रक खाली जाईपर्यंत, आणि तो गेल्यावरच पुढं निघू. वाटेत थांबावंसं वाटलं तिथं थांबू, आणि किती वेळ थांबलो ते मी लिहिणार नाही. शमीम कुठं उतरून उभी राहिली तर तिच्या चेनकडे पाहणार नाही, तिच्या तोंडाकडे पाहीन आणि विचारीन. आणि तुझी ती सहा घरं रोज संध्याकाळी भरीन, पट्टी न लावता.

अर्जातला रकाना आत्ता, तुझ्यासमोर भरते. 'कारण: कोणाकडेच नाही. नुसतं जायचं आहे.'

साहेब वाचत नाहीत म्हणे. वाचलं तरी मी खोडणार नाही.

तुझी,
कुमी